आधी विश्वस्तांना कळलं

मी त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी चढवली तेव्हा तो कोण आहे हे मला ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभा होता... खांदे पावसानं भिजलेले, तोंडावर मास्क. मला वाटलं, मदतीला आलेला कुणी नवा स्वयंसेवक.

"हात धुवा आणि डब्यांना झाकणं लावा. गप्पा नंतर."

तो मुकाट्यानं झाकणं लावत बसला. निम्मी वाकडी! अर्ध्या तासानं मावशीनं विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं म्हणायचं?" ही माझी सख्खी मावशी. आमचं स्वयंपाकघर तिच्याच धाकात चालतं.

"फाउंडेशननं," तो म्हणाला. "पाहणीला उद्या यायचं होतं, पण इकडूनच जात होतो..."

माझी पाचावर धारण बसली. तापाची साथ आल्यापासून आमची छोटीशी संस्था एकट्या, आजारी माणसांना घरपोच जेवण देत होती, आणि ते सारं चाललं होतं या फाउंडेशनच्या जिवावर.

"अहो, आधी सांगायचं ना!"

"गप्पा नंतर, असं तुम्हीच म्हणालात."

मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते. मेले ते डोळे! मी उगाचच एक नीट बसलेलं झाकण काढून पुन्हा लावलं.

आमची अडचण मी त्याला सरळ सांगितली. फाउंडेशन धान्य देत होतं, तेल देत होतं, पण डबे घेऊन जिने चढणाऱ्या बायकांना पगार द्यायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं. त्यांनाही घरं होती. महिना संपला की त्या दुसरं काम शोधणार होत्या.

"मदत फक्त वस्तूंसाठी, असा आमचा नियम आहे," तो म्हणाला. "आणि डबा दाराशी ठेवून यायचं, एवढ्यासाठी पगारी माणूस कशाला?"

"चला माझ्याबरोबर. मग विचारा."

तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या शिंपीकाकांचं दार मी वाजवलं आणि थांबले. तो डबा ठेवून निघाला होता, त्याला हातानंच अडवलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. काकांचे ओठ निळसर दिसत होते, एक वाक्य बोलताना तीनदा धाप लागली. मी तिथूनच रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिका गेल्यावर तो तिथंच पायरीवर बसला.

"डबा म्हणजे नुसतं निमित्त..." तो हळूच म्हणाला. "खरं काम दार वाजवण्याचं आहे. विश्वस्तांच्या बैठकीत हे मी स्वतः मांडतो. शब्द देतो."

काका बरे होऊन घरी आले. आणि याच्या पाहण्या काही संपेनात. आज अहवालात एक मुद्दा राहिला, उद्या दुसरा. मावशी म्हणायची, "एवढ्यात तर लोकांची घरं बांधून होतात, याचा अहवाल होईना!" तो मात्र बिनधास्त खोकी उचलायचा आणि जिन्यावर माझ्या दोन पायऱ्या खाली उभा राहायचा. साथीतलं अंतर, दुसरं काय...

"तुमचा अर्धाच चेहरा पाहिलाय मी," एकदा म्हणाला.

"उरलेला अर्धा बरा नाही."

"पाहणी केल्याशिवाय कसं सांगू?"

मी पाठ फिरवून भराभर जिना चढले. हसू त्याला दिसणार नव्हतं, तरीसुद्धा.

बैठकीच्या दिवशी त्याचा फोन आला. "मी... बोललो नाही. तुमचं काम आता आमच्या एक बाई बघतील."

"का?"

"निर्णय होईपर्यंत सांगता येणार नाही. तोवर मी येणारही नाही."

मी फोन आपटला आणि कांद्यांपाशी जाऊन बसले, रडायला तेवढीच एक सोयीची जागा. शब्द देऊन ऐन वेळी शेपूट घालणारा माणूस मला आवडावा, याचाच जास्त राग येत होता.

"धीर धर गं," मावशी म्हणाली. "दुसरी बाजू कळल्याशिवाय माणसाला फासावर चढवू नये."

नव्या बाई आल्या त्या हसू घरी ठेवूनच. माझ्याबरोबर सगळे जिने चढल्या, प्रत्येक दाराशी थांबल्या. एका आजींनी दार उघडायला इतका वेळ लावला की बाईंनी माझा दंडच धरला. दार उघडलं तेव्हा आमच्या दोघींचाही जीव एकदमच भांड्यात पडला.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "पगार मंजूर. विश्वस्तांनी नियम बदलला. साथ असेपर्यंत मदत कुठं वापरायची ते तुम्ही ठरवा. कुठलं दार वाजवायचं हे आम्ही इथं बसून काय सांगणार?"

बायकांनी एकच गलका केला. त्या गोंधळात मी कसंबसं विचारलं, "बाई, आधी पाहणीला यायचे ते त्या दिवशी बैठकीत का बोलले नाहीत?"

पलीकडून चक्क हसू ऐकू आलं. "बोलला की! भर बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, या संस्थेबद्दल माझं मत धरू नका, तिथल्या ताई मला फार आवडतात. आमचे अध्यक्ष चहा पिता पिता ठसकले!"

कानापर्यंत लाल होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

दुपारी मी डबे घेऊन निघाले, तर जिन्याच्या तोंडाशी तो उभा. ओशाळलेला.

"सगळ्या विश्वस्तांना सांगितलंत," मी म्हटलं, "आणि मलाच नाही?"

"मी शिफारस केली असती तर उद्या कुणीही म्हणालं असतं, प्रेमापोटी केली. तुमच्या कामावर तो डाग नको होता. आणि तुम्हाला आधी सांगितलं असतं तर... मदत हवी म्हणून तुम्ही हो म्हणाल, अशी भीती वाटली."

"मी? भिडेपोटी हो म्हणेन?"

"नाही म्हणाल, याची त्याहून जास्त."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

"तुझ्या घरी माहीत आहे?" मी विचारलं. 'तू' कधी म्हटलं, माझं मलाच कळलं नाही. त्याला मात्र कळलं.

"नाही. घरी अजून कुणालाच..."

"मग थांब. या खेपेला आधी मी सांगते. मला तू आवडतोस. आता कळव ज्याला कळवायचं त्याला."

माझ्या हातातलं डब्यांचं खोकं घेताना त्यानं माझी बोटंही घट्ट धरली. वर माणसं जेवणाची वाट बघत होती. आम्ही जिना चढायला लागलो, एकाच पायरीवरून, बरोबरीनं.