छातीतलं यंत्र

"बाई, मला कोणीतरी बंद करतंय," घड्याळजी म्हणाले आणि दाराकडे वळून पाहिलं. आपल्यामागे कोणी आलं नाही ना, याची खात्री त्यांना अजून नव्हती.

वहिनी खासगी तपास करायच्या. त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, नोंदी ठेवायचे आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचे. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

घड्याळजींचा कंपवात औषधांना दाद देईना, म्हणून तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या होत्या. तारांना वीज पुरवणारं काडेपेटीएवढं यंत्र डाव्या छातीच्या कातडीखाली होतं.

"यंत्र चालू असलं की हात स्थिर. मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ पुन्हा माझ्याकडे सोपवलं. पण तीनदा निघालो आणि तीनदा रस्त्यातच हात थरथरला, पाय जमिनीला खिळले. घरी आणल्यावर रिमोटवर पाहिलं तर यंत्र बंद! रिमोट कुलपात, किल्ली माझ्या कमरेला. शिडीवर असतो तर? उद्याही जमलं नाही तर काम गेलं. आणि आता घरात पाणी प्यायचीही भीती वाटते हो!"

"आणखी काही बिघडलं?"

"कोटाच्या आतल्या खिशातलं घड्याळ. त्या दिवसांपासून पुढे पळतंय. घड्याळजीचंच घड्याळ, सांगायचीही लाज वाटते."

दुपारी वहिनी आणि भावोजी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात घड्याळजींच्या बायकोचे डोळे सुजलेले होते.

"मी त्या यंत्राच्या जवळपासही जात नाही, छाती धडधडते माझी. डॉक्टरांच्या सगळ्या सूचना लेकीला पाठ आहेत. हे घरी आले त्याच दिवशी तिने फ्रिजवरची चुंबकं काढून टाकली. हे बाहेर निघाले की कोटही तीच नीट करते."

घड्याळजींचा धाकटा भाऊ दुकानात भेटला. "दादा निघायच्या तासभर आधी मी दुकान उघडतो, शेजाऱ्यांना विचारा. आणि दादा थांबला तर मनोरा मला मिळेल. तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगून टाकतो."

भावोजींनी त्याच्या नोंदीखाली दोन रेघा ओढल्या.

लेक कपाटं बनवायची. कारखान्यातून तशीच आलेली, मनगटावर चामड्याचा पट्टा, पट्ट्यावर चार-पाच स्क्रू.

"ही नवीन फॅशन का?" भावोजींनी विचारलं.

"कसली फॅशन काका! हाताशी राहतात, बरं पडतं."

वहिनींनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं.

"रिमोटला कोणी हात लावला नाही. या यंत्राला रिमोटशिवाय फक्त चुंबक बंद करतं. चुंबक लागलं की खिशातल्या घड्याळाची केसासारखी स्प्रिंग आखडते आणि घड्याळ पुढे पळतं. म्हणजे चुंबक कोटापाशी आलं होतं, तेही निघताना. धाकटे तेव्हा दुकानात असतात आणि आई जवळ जात नाही." त्या लेकीकडे वळल्या. "तुझ्या पट्ट्यात चुंबक आहे. नाहीतर स्क्रू असे चिकटून राहिले नसते."

"अरेरे, म्हणजे बिचारीच्या लक्षात आलं नाही!" भावोजी म्हणाले.

"फ्रिजवरची चुंबकं जिला आठवली, ती मनगटावरचं विसरेल? कोट ती रोज नीट करते. यंत्र बंद पडलं ते मात्र फक्त मनोऱ्याच्या दिवशी."

लेक रडायला लागली. "दीडशे पायऱ्यांची शिडी आहे ती! बाबा खाली पडलेत, असं मला रोज दिसायचं. नको म्हटलं असतं तर ऐकलं असतं का त्यांनी? वाटलं, रस्त्यात थांबले तर निदान जमिनीवर तरी असतील."



"तिसऱ्या वेळी मी रस्ता ओलांडत होतो गं," घड्याळजी म्हणाले. "पाय हलेनात. समोरून ट्रक आला. त्याने ब्रेक दाबला तेव्हा आमच्यात हातभर अंतर होतं."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "बाबा!" म्हणत ती पट्टा बांधलेला हात पुढे करत त्यांच्याकडे धावली.

घड्याळजींनी दोन्ही तळवे छातीवर दाबले आणि ते बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले.