चौदावी ओळ

गुप्ते सरांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन लावले. ज्यांच्या वह्या, जर्नल, फ्लॉप्या माळ्यावर राहिल्या असतील त्यांनी येऊन घेऊन जाव्यात, नाहीतर भंगारवाला येणारच आहे. बत्तीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीचं आता कोणी काय लोणचं घालणार? बहुतेकांनी ‘बघतो सर’ म्हणून फोन ठेवला. हेमा सबनीस मात्र पुढच्याच रविवारी सकाळी वर्तकनगरहून निघाली. दुपारी तिला कोपरीला धाकट्या भावाकडे, आनंदकडे, जेवायला जायचं होतं. म्हणजे आधी डोंबिवली गाठायची आणि मग उलटं ठाण्याला यायचं, निव्वळ द्राविडी प्राणायाम. पण तिला सरांना एक प्रश्न विचारायचा होता आणि तो फोनवर विचारण्यासारखा नव्हता.

सरांचा क्लास डोंबिवलीच्या टिळकनगरात, याच इमारतीत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत भरायचा. साल त्र्याण्णव. कॉम्प्युटर दोन आणि विद्यार्थी तीस. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत यायचं, कीबोर्डवरचं फडकं फक्त सरांनी उचलायचं. एवढं करून पीठ आत यायचंच. गिरणी सुरू झाली की पायाखालची फरशी थरथरायची आणि खोलीभर कोमट गव्हाचा वास पसरायचा. हेमा घरी गेली की आई म्हणायची, ‘तू कॉम्प्युटर शिकतेस की दळण आणतेस?’ एसी होता तो कॉम्प्युटरसाठी, पण मे महिन्यात एकही विद्यार्थी गैरहजर नसायचा हे सरांनाही माहीत होतं.

मशीनवर बसायची पाळी आठवड्यातून एकदा यायची, तीही पंधरा मिनिटं. म्हणून सर सी भाषा कागदावर शिकवायचे. भिंतीवर चौकटींचा एक भलामोठा कागद लावलेला. तीस ओळी, प्रत्येक ओळीत सोळा चौकटी, प्रत्येक विद्यार्थ्याला एक ओळ. ‘ही मेमरी,’ सर म्हणायचे. एका चौकटीत एक इंग्रजी अक्षर, पेन्सिलीने, दोन शब्दांमध्ये एक चौकट रिकामी, आणि नाव संपलं की पुढच्या चौकटीत शून्य. कॉम्प्युटर नाव वाचायला लागला की शून्य दिसेपर्यंत वाचतच सुटतो, म्हणून नावाला लागेल त्याहून एक चौकट जास्त मागून घ्यायची.

“शून्याला जागा ठेवा रे,” सर रोज ओरडायचे. “नाहीतर तुमचं नाव शेजाऱ्याच्या घरात जाऊन संपेल.”

हेमाची तेरावी ओळ. चौदावी गोदाची. गोदावरी म्हात्रे आंबिवलीहून यायची, दोन वेण्या घालून, आणि तिचं हसू खालच्या गिरणीवाल्याला ऐकू जायचं. तिच्या डब्यात सुकटीची चटणी असे. जोगळेकरांची हेमा ती चटणी चपातीला लावून जिन्यात बसून खायला शिकली आणि हे गुपित कोपरीच्या घरात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. गोदाचं नाव आडनावासकट पंधरा चौकटींत बसायचं आणि सोळाव्यात शून्य. तिला याचा कोण अभिमान! ‘माझा घर फुल्ल हाय,’ म्हणायची. ती मैत्री हेमाच्या आयुष्यातली सगळ्यात बिनभाड्याची, सगळ्यात मोकळी गोष्ट होती.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी सरांनी हेमाला भिंतीपाशी उभं केलं. तेराव्या ओळीत तुझं पूर्ण नाव कॉपी कर, वडिलांच्या नावासकट. हेमा दत्तात्रय जोगळेकर. सोळा चौकटी भरल्या तेव्हा जोगळेकरचं पहिलंच अक्षर कसंबसं बसलं होतं. हेमा थांबली.

“थांबू नकोस,” सर म्हणाले. “तू आत्ता कॉम्प्युटर आहेस. कॉम्प्युटर लांबी मोजत नाही. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने मोजायची असते.”

मग हेमाने रबर घेतलं आणि गोदाच्या ओळीतली अक्षरं एकेक करून खोडली. उरलेलं आडनाव तिथे लिहिलं आणि आठव्या चौकटीत शून्य घातलं. ‘गोदावरी’ तेवढं गेलं. ‘म्हात्रे’ शून्याच्या पलीकडे तसंच राहिलं, पण तिथवर वाचत कोण जाणार?

“बघितलंत?” सर म्हणाले. “कोणी ओरडलं नाही, घंटा वाजली नाही. शेजाऱ्याचं गेलं आणि शेजाऱ्याला पत्ताही नाही.”

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने गोदाच. “माझे घरान शिरलीस ना गो!”

दुसऱ्या दिवशी गोदा आली नाही. हजेरी घेताना सर तेरावरून पंधरावर गेले. हेमाने विचारलं तर म्हणाले, “कोण म्हात्रे?” मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलींनी खांदे उडवले. शनिवारी हेमा आंबिवलीला गेली. गोदाचं घर तिला पाठ होतं. गोदाची आई दारातच बसलेली होती. तिने हेमाला ओळखलं नाही, पण आत बोलावलं. आमाला दोन पोरगेच, पोरगी नाय, म्हणाली. मग जेवायला वाढायला उठली. ताटं घेताना तिने एक जास्त घेतलं, क्षणभर हातात धरून उभी राहिली आणि परत फळीवर ठेवलं.

हेमा पुढे इंजिनियर झाली, हेमा सबनीस झाली, वागळे इस्टेटमध्ये रुग्णांच्या मॉनिटरसाठी सॉफ्टवेअर लिहू लागली. लांबी न तपासता कॉपी केलेली एक ओळ ती कुणाची खपवून घेत नाही. ऑफिसातली मुलं तिला पाठीमागे ‘पट्टीवाल्या मॅडम’ म्हणतात. त्यांना ती काय सांगणार? बत्तीस वर्षं ती एकच गोष्ट मनात घेऊन हिंडत होती: आपण एक जिवंत मुलगी खोडली. हे वेडगळ आहे हे तिला कळत होतं. तरी संध्याकाळी, भाजी निवडताना, कपडे घड्या करताना, तिला ते रबराचे कण बोटांना जाणवायचे.

सर आता अठ्ठ्याहत्तरचे, अजून त्याच खोलीत. गिरणी जाऊन दहा वर्षं झाली होती, खाली मोबाइलचं दुकान होतं. सरांनी चहा टाकला आणि पलंगाखालून एक सुरळी काढली.

“हा बघ. तुमच्या बॅचचा. टाकवला नाही.”

कागद पिवळा पडला होता. सरांनी चष्मा सावरला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, सीताराम, तो आता कॅनडात. दुसरी, पोपट, त्याची बायपास झाली. एकेक नाव, एकेक खबर. तेरावी हेमा. पुढची ओळ कुणाची, हाच तिचा प्रश्न होता.

“चौदावी, ओग्लेकर.”

“कोण, सर?”

“ओग्लेकर गं. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन येतो तिचा. ‘ओग्लेकर बोलतेय’ म्हणते आणि ठेवते. चेहरा काही डोळ्यांसमोर येत नाही.”

हेमाने कप खाली ठेवला. अशी कुणी मुलगी नव्हती. ते तिच्याच आडनावाचं सांडलेलं शेपूट होतं, आणि गोदाच्या जागी बत्तीस वर्षं तेच बसलं होतं. तिने कागद खिडकीपाशी नेला आणि तिरपा धरला. चौदाव्या ओळीतल्या पहिल्या आठ चौकटींत, वरच्या अक्षरांखाली, गोदाच्या दाबून लिहायच्या सवयीच्या खाचा अजून होत्या.

तेवढ्यात आनंदचा फोन आला. “ताई, निघालीस का गं? अळूवड्या केल्यात, आईसारख्या. जमल्यात की नाही ते तू सांगायचंस.” आईबाबा गेल्यापासून त्या दोन खोल्यांत तो एकटा होता, आणि रविवार म्हणजे ताईचा असं त्याने ठरवून टाकलं होतं.

“येते रे. अर्धा तास इकडेतिकडे.”

फोन ठेवून ती सरांकडे वळली. “सर, पेन्सिल द्या. आणि रबर.”

सरांनी दोन्ही काढून दिलं. ती काय करतेय ते बघत राहिले. “सोळाव्या चौकटीत शून्य घालतेयस?”

“हो. माझं माझ्याच ओळीत संपवते. तेव्हाच संपवायला हवं होतं.”

“पण मग जोगळेकर राहत नाही.”

“लग्नानंतर ते वापरात कुठे आहे सर? आधार, पॅन, बँक, सगळीकडे सबनीस. मोकळीच जागा ती.”

“मोकळी केलीस, की नुसती वापरत नाहीस?” सर म्हणाले. “दोन्हींत फरक असतो हेमा. मी शिकवलं होतं.”

तिने ऐकलं, पण हात थांबला नाही. गोदा एका चौकटीच्या अंतरावर होती.

तिने सोळाव्या चौकटीतलं अक्षर खोडलं. शून्य घातलं.

मग चौदावी ओळ. खाचांवरून पेन्सिल आपोआप चालली. एक अक्षर. दुसरं. तिसरं.

सातव्या अक्षराला फरशी थरथरू लागली.

आठव्याला कोमट गव्हाचा वास आला.

बाहेर कुणीतरी चपला काढत होतं.

“अजून इथंच हायेस? खाली गाडी लावून मी उभी!” दारात एक बाई होती. पन्नाशीची, केस पिकलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. हसली, आणि ते हसू जिन्यावरून थेट खाली गेलं.

“ये गोदावरी,” सर म्हणाले, जणू ती मघाशीच चहा सांगून बाहेर गेली होती. “चहा घेतेस ना?”

हेमाने तिला मिठी मारली. घट्ट. गोदा खरी होती, घामेजलेली होती, तिच्या पदराला सुकटीचा वास होता. हेमा रडत होती आणि बत्तीस वर्षांचं ओझं खरोखर, अंगावरून उतरावं तसं, उतरत होतं.

“रडतेस काय गो? परवाच तं भेटलो.”

“काही नाही. बरं वाटलं.”

आणि बरं वाटत होतं. इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. कुठेही जायची घाई नव्हती. सरांनी पुन्हा चहा टाकला, गोदाने दोन खारी उचलल्या, दुपारचे अडीच वाजले.

पर्समधला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, आनंद. सोबत एका माणसाचा फोटो, चष्मा, विरळ केस, मागे अळूच्या कुंड्या.

“कोण गो?” गोदाने विचारलं.

हेमाने फोटो नीट पाहिला. “काय माहीत.”

फोन वाजून थांबला. थोड्या वेळाने निरोप आला. ‘ताई, कुठे आहेस? मी जेवलो नाहीये अजून.’

कुणाची तरी ताई आली नव्हती. हेमाला त्या परक्या माणसाचं वाईट वाटलं, म्हणून तिने नीट, सगळी विरामचिन्हं देऊन उत्तर लिहिलं, की हा नंबर तुमच्या बहिणीचा नाही, चुकून लागला असेल. पाठवलं. मग जरा विचार करून खाली आणखी एक ओळ टाकली.

‘तुम्ही जेवून घ्या.’