सुईणीच्या सणाला सापडलेला माणूस

सुईणीच्या सणाला आमच्या ब्रेझा गावात पुरुषमाणूस घराबाहेर डोकावत नाही. डोकावला की मेलाच! त्या दिवशी रस्ता बायकांचा. आमची जुनी सुईण स्तोयना आजी, तिचे हात धुवायचे, गळ्यात लाल मिरच्यांची माळ घालायची आणि बर्फावरच्या घसरगाडीत बसवून वाजतगाजत नदीवर न्यायचं. वाटेत पुरुष दिसला तर त्याची टोपी काढून घ्यायची आणि दंड वसूल करायचा.

आणि नेमका त्याच दिवशी हा बाबा राजधानीतून, सोफियाहून गाडी घेऊन आला! खाली उतरून आम्हालाच विचारतो, "माफ करा, पंचायतीचं ऑफिस कुठे?"

पुढच्या क्षणी त्याची टोपी माझ्या हातात होती. केस विस्कटलेले, कान थंडीने लाल... डोळे मात्र हसरे.

"कोण आपण?"

"आसेन. संसदेत खासदारांना विधेयकं लिहून देतो. बाळ-बाळंतिणींच्या नव्या कायद्यात गावच्या सुईणींना डॉक्टरशिवाय तपासू देणारं एक कलम आहे, म्हणून चौकशीला—"

"मग विचारा. नवी सुईण मीच. दारिना."

"तुम्ही? एवढ्या तरुण?"

"पदवी आहे हो! हक्क तेवढा नाही. डॉक्टरशिवाय गरोदर बाईला मी तपासायचं नाही, आणि डॉक्टर बसलाय घाटापलीकडे."

बायका दंड म्हणून दारूच्या बाटलीवर अडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "थांबा गं. याला दंड वेगळा. या आमच्या सेव्दाला सातवा महिना, आज तिची तपासणी, आणि बर्फाने बस बंद. साहेबांनी तिला नेऊन आणावं."

"आणि तुम्ही?" त्याने हळूच विचारलं.

"मी येते ना. घाटात ती ओकली तर धरायला कुणी नको?"

ओकला तो! तिसऱ्या वळणावर गाडी थांबवून. सातव्या महिन्यातली सेव्दा खाली उतरली आणि त्याची पाठ चोळत बसली. मला हसू आवरेना.

परतताना गाव दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "दारिना, ते कलम आमचे खासदारसाहेब गाळणार आहेत. मीही मान डोलावली होती."

"आणि आता?"

"आता मान आखडलीय."

मग त्याचे फोन सुरू झाले. आधी कामाचे – नवजात बाळाला कधी बघायचं, वजन कसं घ्यायचं. मग "जेवलीस का?" आमच्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

एकदा त्याने विचारलं, "कलम पडलं तर काय करशील?"

"इथली माझी सुईणीची खोली बंद होईल. सोफियाच्या एका इस्पितळाने बोलावलंय, तिकडे जाईन."

तो म्हणाला, "ते इस्पितळ... माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे."

"मग पाड की कलम!" मी हसत म्हटलं. पण खरं सांगते, त्याने 'पाडतो' म्हणावं असं माझ्या अर्ध्या मनाला वाटलं.

"नाही गं," तो म्हणाला. "सेव्दाला काय तोंड दाखवू?"

सेव्दाला बाळंतपणासाठी महिनाभर आधीच शहरात मावशीकडे जाऊन राहावं लागलं. तिची थोरली पोर इकडे रडून रडून हैराण. लेकाला घेऊन ती परत आली तेव्हा वसंत लागला होता. संसदेतल्या मतदानाच्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन ती माझ्या खोलीत बसली होती, आणि अख्खं गाव तिच्याभोवती. फोन वाजला.

"पास झालं, दारिना! कलम जसंच्या तसं."

खोलीत एकच जल्लोष! कुणी मला मिठी मारतंय, कुणी रडतंय.

"ऐकतोय मी," आसेन म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "म्हणजे तू आता येणार नाहीस."

"नाही रे."

"माहीत होतं मला. मतांसाठी खासदारांच्या दारोदार फिरलो, आणि प्रत्येक दारात वाटायचं, हा नाही म्हणाला तर बरं... पण तरी मनवलंच एकेकाला." तो थांबला. "मी येत जाईन ना अधूनमधून. पाहुण्यासारखा."

"पाहुण्यासारखा नको."

"मग कसा?"

मी उगाच बाळाचं दुपटं नीट करायला लागले. सेव्दाने लेकाला माझ्या हातात कोंबलं आणि फोन हिसकावला. "अहो साहेब, नवऱ्यासारखे या! मेलीला बोलता येईना!"

मी फोन परत ओढून घेतला. पलीकडे तो हसत होता, की रडत होता, कोण जाणे.

"हे तू म्हण ना, दारिना."

सगळ्या बायका कान टवकारून बसल्या होत्या. बसू देत!

"ये, आसेन," मी म्हटलं. "माझा होऊन ये."