निळी पानगळ

एक रंग

एप्रिलमध्ये, बर्फ वितळताना, अमेरिकेतल्या व्हर्माँटात रस्ते नसतात, चिखल असतो. डेल्फीन पहिल्या दिवशी साप्ताहिकाच्या कचेरीत शिरली ती चुकून मागच्या दारानं. चिखलाचा बूट थेट जमिनीवर पसरलेल्या छापील पानावर!

"हलू नकोस," गुडघ्यांवर बसलेला तरुण म्हणाला.

"सॉरी... मी—"

"ठसा झकास उमटलाय." त्यानं मान तिरकी केली. "आणि एकाच रंगात. हा छापता येईल."

तो एमरी. छपाईची पानं लावणारा. ती वेबसाइटसाठी नकाशे काढायची. तो त्यांतले रंग कमी करून ते पेपरात बसवायचा. सहा महिने तो तिचे रंग उडवत राहिला. आणि ती भांडायचं निमित्त करून त्याच्या टेबलाशी जात राहिली.

बारा रंग

ऑक्टोबर. बुधवार, दुपारचे तीन. चार वाजता पानं छापखान्याकडे जायची. चारच्या आतच तिला बॉस्टनला उत्तर द्यायचं होतं. मोठं दैनिक, मोठी नोकरी. सगळ्या कचेरीला तिनं सांगितलं होतं. एमरी त्यावर एक अक्षर बोलला नव्हता.

तिनं खिडकी उघडली. लावली. फोन उलटा ठेवला, सुलटा केला, आणि तरातरा जिना उतरली.

"माझा नकाशा?"

कुठल्या गावची झाडं किती रंगलीत, त्याचा नकाशा. हिरव्यापासून किरमिजीपर्यंत बारा छटा. तीन दिवस खपली होती ती.

"सातव्या पानावर. काळा आणि निळा."

"निळा?"

"त्या पानावर नळदुरुस्तीवाल्याची जाहिरात आहे. त्यानं जादा रंग म्हणून निळ्याचे पैसे भरलेत. मग सगळ्या पानाला तोच."

"निळी पानगळ? लोक म्हणतील, झाडं गारठली!"

"ऑक्टोबर आहे. गारठतातच."

ती हसली. हसल्याचाच तिला राग आला. मग तिचं लक्ष त्याच्या पडद्याकडे गेलं... सगळा नकाशा करडा.

"किरमिजी आणि हिरवा... सारखेच?"

"काळ्यापांढऱ्यात सारखेच दिसतात. म्हणून मी आधीपासून तसंच बघतो."

"म्हणजे सहा महिने तू माझा एकही रंग पाहिला नाहीस?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं.

दोन

"बारा गोष्टी मावणार नाहीत," तो शेवटी म्हणाला. "एकच सांगायची तर?"

"शनिवारी रंग बघायला कुठं जायचं," ती फणकारली.

"मग तेवढंच सांगू."

ऐन रंगात असलेली गावं गडद निळी. बाकीच्यांवर बारीक काळ्या रेघा. "डोंगरावरची गावं नको धरूस, तिथली झाडं बोडकी झालीत," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरून वाकली. त्याच्या हातातला माउस क्षणभर अडखळला.

चाराला आठ मिनिटं कमी असताना पान गेलं. निळं होतं— पण एका नजरेत कळत होतं. ते तिनं कबूल केलं नाही.

"घरी बघतो," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"तुझे नकाशे. सगळ्या रंगांत. रोज, कॉफी निवेपर्यंत. इथं मला ते कापायचे असतात ना... आधी नीट पाहिले तर हात चालत नाही."

तिचा टेबलावर ताल धरणारा अंगठा थांबला.

"हे आज सांगतोस? आठ मिनिटं उरलेली असताना?"

"सात."

"मग म्हण ना, राहा म्हणून!"

"नाही म्हणणार. ती नोकरी तुला हवीय. बातमी सांगताना तू जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत आली होतीस."

"आणि तुला? तुला काय हवंय?"

"तू." त्याचे कान लालबुंद झाले. "बॉस्टन तीन तासांवर आहे. माझ्या गाडीला चार लागतील."

तिनं फोन उचलला. बॉस्टनला 'येते', एवढंच लिहिलं, पाठवलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली.

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"बर्फ पडला तर?"

"उशीर होईल."

"बर्फात येऊ नकोस, एमरी."

"येणार."

तिनं त्याच्या स्वेटरची बाही मुठीत धरली. चार वाजून गेले तरी सोडली नाही.