शिंप्याच्या मुलीची मापं

दार लावून घ्या रे, आणि मध्येच कुणी "मग? मग?" करू नका. ही कुठं वाचलेली गोष्ट नाही. माझ्या बालमित्राच्या घरात घडलीय.

तो शिंपी. माणूस इतका भिडस्त, की गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून पोटाचं माप दोन इंच कमी सांगायचा, कापड मात्र बरोबर कापायचा. घरात एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. आई नव्हती. सगळे तिला चिमणी म्हणत. बाप टेप लावून आकडा मोठ्यानं सांगायचा, ती वहीत टिपायची आणि म्हणायची, "लिहिलं!" ज्या म्हाताऱ्याकडे तो काम शिकला त्यानं त्याला एक ताकीद देऊन ठेवली होती. लिहिणारं माणूस समोर नसेल, तर माप मोठ्यानं बोलायचं नाही. का, ते यानं कधी विचारलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीची अकरा डिसेंबर, गुरुवार. रात्री पावणेदहाला तो शटर ओढत होता, तेवढ्यात एक म्हातारी आली.

"नातीला फ्रॉक शिवायचाय. आजारी आहे हो, खाली उतरत नाही. घरी याल?"

नाही म्हणणं याच्या जिवावर आलं. चिमणी मागच्या खोलीत गाढ झोपली होती. तिला कशाला उठवा, म्हणून यानं बाहेरून कुलूप लावलं, टेप गळ्यात अडकवली आणि निघाला.

दोन गल्ल्या सोडून एक इमारत, तिसरा मजला. खोलीत खाट, स्टुलावर पाण्याचा पेला, बंद खिडकी. दिवा नव्हता. यानं मोबाईल काढला.

"उजेड नको. तिला सोसत नाही."

जिन्यातल्या बल्बची तिरीप तेवढी आत येत होती. मुलगी पाठमोरी उभी होती. हा गुडघ्यांवर बसला, टेप लावली. हात चालू झाला की तोंडही चालू होतं, इतक्या वर्षांची सवय.

"खांदा... बारा."

"लिहिलं."

"छाती... सव्वीस."

"लिहिलं."

"उंची... चोपन्न."

"लिहिलं, बाबा."

त्याचा हात थांबला.

मुलीच्या हातात वही नव्हती. पेन्सिल नव्हती. आणि तो आवाज... ते तिन्ही आकडे त्याला पाठ होते. गेल्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या मुलीचा फ्रॉक बेतला होता.

"चिमणे?"

...

मुलगी हळूहळू वळायला लागली.

त्यानं चेहरा पाहिला का? मी खूपदा विचारलं. तो सुईत दोरा ओवायला लागतो.

धावत घरी आला. कुलूप जसंच्या तसं. चिमणी झोपलेली, अंग उबदार. त्याला रडूच फुटलं. मग उशीजवळची वही दिसली. तिच्याच अक्षरात. बारा. सव्वीस. चोपन्न. गिऱ्हाइकाच्या जागी तिचं स्वतःचं नाव.

पान त्यानं तिथंच जाळलं. सकाळी आम्ही दोघं ती इमारत शोधत गेलो. तिला दोनच मजले होते.

तेव्हापासून चिमणी वाढली नाही. अर्धा इंचसुद्धा नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, जो तो म्हणतो मुलगी ठणठणीत आहे. तिच्या वर्गातल्या मुली कॉलेजात गेल्या, नोकरीला लागल्या. ही अजून अकरा वर्षांच्या मापाचे फ्रॉक घालते आणि विचारते, "बाबा, मी मोठी कधी होणार?" तो मान खाली घालून मशीन चालवतो. मला बघवत नाही रे.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला तिची उंची पेन्सिलीनं मांडायची पद्धत होती. ती वाढायची थांबली, तसं बापानं रेघ काढणंही सोडलं. पण दर वाढदिवसाच्या सकाळी तिथं नवी रेघ असते. आधीच्यापेक्षा वर. एका वर्षी तो रात्रभर चौकटीला टेकून बसला. डोळ्याला डोळा लागला नाही. तरी सकाळी रेघ होतीच.

काल चिमणीला वीस वर्षं पूर्ण झाली. मी मुद्दाम गेलो, आणि त्या चौकटीला पाठ लावून उभा राहिलो.

रेघ माझ्या डोक्याच्या वर होती.