या, जेवायला

कारेगावात त्या रात्री लाईट गेली होती. खोलीत उकडतंय म्हणून दुसऱ्या पाळीवरून आलेली पोरं गच्चीवर चढली, तर मच्छिंद्र आबा आधीच तिथं सतरंजी टाकून बसलेले. आबा खालच्या मजल्यावर लेकाकडं राहतात, पण मूळचे दौंड तालुक्यातले, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठचे. त्यांच्यातल्या विश्वजीतनं डबा उघडला आणि सवयीनं म्हणाला, "या आबा, जेवायला."

"माझं झालं. जेव तू." आबा सरकून बसले. "गच्चीवर म्हणतोयस, म्हण. पाण्यावर म्हणू नगं."

"पाण्यावर कशाला जाऊ मी जेवायला? का, काय होतं?"

"पूनमनं बी असंच इचारलं हुतं," आबा म्हणाले. "खानोट्याची पोरगी. माझ्या मावसबहिणीच्या शेजारची. आजही हाय, फोन केला तर उचलंल. तिनं सांगितलं ते सांगतो, पदरचं काय न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

पूनमनं दौंडला बीएस्सी केलं आणि पक्षी बघायला येणाऱ्या लोकांसाठी स्वतःची होडी घेतली. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. तिला त्यांची पर्वा नव्हती. होडीचं इंजिन बिघडलं म्हणून होडी भिगवणच्या बाजूला दुरुस्तीला नेली होती, ती परत आणायची होती. सोबत म्हाळूमामा. आईचा एकुलता एक भाऊ, बिनलग्नाचा, त्यांच्याच घरी राहणारा. दोन हजार पंचवीसची दिवाळी, बावीस ऑक्टोबर, पाडव्याचा दिवस. निघताना आई, अनसाबाई, दारात येऊन म्हणाली, "काम झालं न्हाई तरी चालंल. पण उद्या सकाळी म्हाळू मला पाटावर पायजे. एवढा एकच भाऊ हाय मला."

"आणते गं तुझा भाऊ. तो काय पळून चाललाय?"

इंजिन दुरुस्त व्हायलाच दिवस मावळला. परत फिरले आणि निम्म्या वाटेत वारं सुटलं. समोरून. फुगवट्याचं पाणी वरून शांत दिसतं, पण वारं लागलं की समुद्रासारखं उसळतं. लाट होडीत येऊ लागली. मामा म्हणाला, "काठाला घे. वारं पडंस्तवर थांबू."

काठाला मासळीची शेड होती. आत उजेड होता. पूनमनं होडी बाभळीच्या बुंध्याला बांधली आणि दार वाजवलं. दार उघडलं नाही. आतून सोपानराव नावाच्या म्हाताऱ्या राखणदाराचा आवाज आला.

"कोण हाय?"

"खानोट्याचे. वारं लागलंय. थोडा वेळ आत बसतो."

"चावी मालकाकडं हाय."

"मग तुम्ही आत कसे गेलात?"

आत खोकला. मग, "रातचं बाईमाणूस आत घेत न्हाई मी. गडी असंल तर येऊ द्या."

पूनमचं डोकं सणकलं. "असं का? आणि बाईनं काय करायचं, बुडायचं?"

"पूनम, गप," मामा म्हणाला. "मी बी जात न्हाई. चल होडीत."

काठावर काटे आणि चिखल, बसायला जागा नाही. दोघं होडीतच बसले. मामानं घोंगडी तिच्या अंगावर टाकली, स्वतः कानांवरून, कपाळावरून मफलर गच्च आवळला. पाऊसही आला, तिरपा मारत होता. पूनमनं आईनं दिलेला डबा उघडला. भाकरी, ठेचा, थोडा चिवडा, चार करंज्या.

"गपचिप जेवायचं," मामा हळू म्हणाला. "रातचं पाण्यावर जेवताना कुणाला या म्हणायचं न्हाई."

"का?"

"नसतंय म्हणत."

"अहो पण का?"

"नसतंय म्हणलं ना!"

हा शब्द पूनमला लहानपणापासून डोक्यात जायचा. रात्री नखं काढायची का नाहीत? नसतंय. शनिवारी केस का धुवायचे नाहीत? नसतंय. एकालाही कारण माहीत नाही, सगळ्यांना हुकूम मात्र पाठ. तिनं शेडकडं बघितलं. फटीतून उजेड येत होता. म्हातारा आत कोरड्यात बसला होता. ती उभी राहिली आणि सगळा राग एकवटून ओरडली,

"या आजोबा, जेवायला! या की! बाईच्या हातचं चालतं का बघा!"

मामानं तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. शेडमधला उजेड विझला.

उत्तर आलं ते मागून. पाण्याच्या बाजूनं.

"येते हं."

बाईचा आवाज. साधा. शेजारीण कुंपणापलीकडून बोलते तसा.

पूनमनं मागं वळून बॅटरी मारली. पाणी होतं. नुसतं पाणी, आणि त्यावर पाऊस.

मग होडी कलली. एका बाजूला, हळू. कुणी होडीच्या काठावर पाय देऊन आत येतं तशी. आणि सरळ झाली.

मामानं बॅटरी तिच्या हातातून काढून घेतली आणि विझवली. "बघू नगं."

अंधार. वाऱ्याचा आवाज. आणि अगदी जवळ, भाकरी मोडल्याचा आवाज.

गच्चीवर विश्वजीतचा घास हातातच राहिला होता. "आबा, उंदीर-बिंदीर असंल." आबा पुढं सांगत राहिले.

"ठेचा झणझणीत हाय," आवाज म्हणाला. "लई दिवसांनी कुणी या म्हणलं."

पुन्हा भाकरी मोडल्याचा आवाज.

"उद्या भाऊबीज ना?"

मामाचा श्वास पूनमला ऐकू येत होता. तिनं त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"मी तुमच्यात जेवले. आता तुम्ही या." आवाज मामाकडं वळला. "दादा… या की माझ्याकडं."

पूनमनं मनगट आणखी आवळलं. ती बोलली. "मी बोलावलं तुम्हाला. त्यांनी नाही."

"व्हय."

"मग मी येते."

ती बाई हसली. खुदकन, लाजल्यासारखी. "तू काय भाऊ हायस?"

"ते माझ्या आईचे आहेत. तिला एकच आहे."

"मला तर एक बी न्हाई."

मामा उठू लागला. हळू, झोपेत उठतो तसा. पूनमनं अंगाचं ओझं त्याच्यावर टाकलं. घोंगडी पडली. ती मनगट धरून आडवी झाली, पाय होडीच्या फळीला लावले. ओढ होती. पाण्याच्या बाजूला. तिनं सोडलं नाही. दात आवळले. डोळे मिटले. सोडलं नाही…

ती ओढ कधी थांबली, तिला सांगता येत नाही. वारं कधी पडलं, तेही नाही. झोप लागली नव्हती, एवढं ती शपथेवर सांगते.

तांबडं फुटलं तेव्हा पाणी सपाट होतं. मामा समोर बसला होता. जिवंत. मनगट अजून तिच्या हातात, काळंनिळं पडलेलं.

"सोड की आता," तो म्हणाला. "बधिर झाला हात."

ती हसली. मग रडली. मग त्याच्यावर ओरडली. "कारण सांगितलं असतं, तर मी म्हणाले असते का तसं?"

"मला तरी कुठं ठाऊक हुतं," मामा म्हणाला. "माझ्या बाला बी न्हवतं."

डबा रिकामा होता. दोघांपैकी कुणी घास खाल्ला नव्हता. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

खानोट्याला आले तेव्हा अनसाबाईनं पाट मांडून भोवती रांगोळी काढली होती. रात्रभर तीही जागीच असावी. भावाला बघून तिनं कडाकडा बोटं मोडली, पूनमला दोन शिव्या दिल्या, आणि मामाला आंघोळीलाही सोडलं नाही. "आधी बस. आधी ओवाळते. मग कुठं जायचं तिथं जा."

मामा पाटावर बसला. पूनम शेजारी उभी राहिली. आणला की नाही तुझा भाऊ, असं ती म्हणणार होती. तोंडापर्यंत आलं होतं.

अनसाबाईनं बोट कुंकवात बुडवलं. "मफलर वर कर."

मामानं मफलर वर सरकवला.

अनसाबाईचं बोट हवेतच थांबलं.

"म्हाळू," ती म्हणाली. "माझ्या आधी… कुणाकडं जाऊन आलास?"

मामानं कपाळाला हात लावला. हात लाल झाला. ओलं कुंकू, नुकतंच लावल्यासारखं, मधोमध. आणि त्यावर चिकटलेले अक्षतांचे दाणे. पांढरे, मऊ. कितीतरी दिवस पाण्यात भिजत पडल्यासारखे टम्म फुगलेले.