पांढरा बिल्ला

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तिथे होतो, आणि चूक माझीच होती. ती आज पहिल्यांदा कबूल करतोय.

फेब्रुवारी १९९१. रविवार, सकाळचे नऊ. मद्रासजवळच्या कोवलमहून आमची बोट निघाली.

मी बँकेत होतो. माझा मेहुणा उमाकांत मद्रासजवळच्याच आवडी गावातल्या कारखान्यात. दोघांनाही डायव्हिंगचं वेड. आम्ही सहा जण, आणि बोट चालवायला रामस्वामी.

जागा वाईट होती. तीस मीटर खाली खडक. प्रवाह असा, की नांगराचा दोर सुटला की माणूस गेलाच.

म्हणून एक पद्धत होती. फळीवर प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला असायचा. उतरताना लाल बाजू करायची, वर आल्यावर ज्याने त्याने आपली पांढरी करायची. सगळे पांढरे दिसले की रामस्वामी नांगर उचलायचा.

त्या दिवशी मी उमाकांतच्या आधी वर आलो. तो माझ्या मागेच दोरावर होता. मला मळमळत होतं. येतोच आहे की, म्हणून मी त्याचाही बिल्ला पालटला आणि आडवा झालो.

बाकीचे पुढे सामान आवरत होते. बोट निघाली.

दहा मिनिटांनी... तळाखालून आवाज आला.

ठक... ठक... ठक.

सिलिंडरवर सुरीची मूठ आपटल्यासारखा. तीन ठोके म्हणजे 'मागे बघ'. उमाकांतची आणि माझी खूण होती ती.

चालत्या बोटीखाली कोण ठोकणार?

मी मान वळवली. त्याच्या चपला होत्या...

तो नव्हता.

आणि मी गप्प बसलो. बिल्ला कोणी पालटला हे विचारतील, या भीतीने. पाच मिनिटं तरी गेली असतील. शेवटी त्या चपला रामस्वामीलाच दिसल्या.

तीन दिवस शोधलं. काहीच सापडलं नाही.

चौकशीत सगळे रामस्वामीवर उलटले. तो माझ्याकडे बघत एवढंच म्हणाला, "नान तोडल, सार." बिल्ल्याला मी हात लावला नाही, साहेब.

मी खाली बघत राहिलो. त्याचं काम सुटलं.

लाज वाटते. लिहितानाही वाटते.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत, भर दुपारी, न्हाणीघरातल्या पिंपातून तेच तीन ठोके येतात. झाकण काढलं की आवाज थांबतो. पाणी मात्र खारट लागतं. इथलं पाणी तसंच असतं, अशी मी मनाची समजूत घालतो.

माझी बायको विद्युलता अजूनही भावाच्या फोटोला हार घालताना रामस्वामीला शिव्याशाप देते. मी ऐकून घेतो.

आवाज तिला कधीच आला नव्हता.

परवा मी जेवत होतो. ती वाढता वाढता थांबली.

"अहो, तुमच्या मागे कोणीतरी ठोकतंय," ती म्हणाली. "जरा मागे बघा ना."

मी मागे बघितलं नाही.

तिच्याकडेही नाही.